बांधावरचा निकाल

धानाची कापणी-मळणी उरकली की गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीकडच्या गावांना पटाचे वेध लागतात. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दिवसा पट, रात्री नाटक, ही पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीची जुनी रीत. पूर्वी पाहुणे रेंगी-खाचर जुंपून यायचे, आता मोटारसायकलवर येतात. घरोघरी लेकी-जावई मुक्कामाला असतात आणि एखादी सोयरीकही याच गर्दीत जुळते.

रिकाम्या बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या मोकळ्या शेतांमधून, सरळ पल्ला आखलेला असतो. जोडी सुटते आणि काही सेकंदांत पार होते. एवढ्याशा वेळासाठी शौकीन सकाळपासून उन्हात उभा असतो, म्हणून निकाल तिथल्या तिथे, त्याच्या डोळ्यांदेखत लागणं त्याला फार मोलाचं वाटतं.

आधी पंचाची नजर हेच प्रमाण होतं. मग हातातलं स्टॉपवॉच आलं. त्यात नेमकेपणा आला, पण दूरवर झेंडी पडलेली दिसणं आणि अंगठ्यानं बटण दाबणं यांतला क्षण माणसागणिक बदलतो. जोड्यांमधलं अंतर त्याहून कमी असेल, तर वाद ठरलेलाच. आता ठिकठिकाणी सेन्सरवर चालणारं घड्याळ सेकंदाचा शंभरावा भागही सांगतं आणि तो आकडा लाउडस्पीकरवरून सगळ्यांना एकदम ऐकू येतो. पटाच्या इतिहासातली ही मोठी सुधारणा आहे. यंत्र आलं, पण निकाल लोकांसमोरच लागत राहिला.

मधली काही वर्षं मात्र बांध्या सुन्या होत्या. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्रानं 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, पण उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सशर्त परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं कायदा वैध ठरवला. या कायद्याखालच्या नियमांत शर्यतीचं व्हिडिओ चित्रीकरण आयोजकांवर बंधनकारक आहे. पटावर कॅमेरा आला तो जिंकलं कोण हे ठरवायला नव्हे, तर बैलाला कुणी मारत-टोचत तर नाही ना, हे पाहायला. जनावराला यातना दिल्यास 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कॅमेऱ्याचं याहून चांगलं काम दुसरं कुठलं असेल?

फुटबॉलमध्ये कॅमेरा निकालासाठीच आला, आणि मैदानावरचा प्रेक्षक नेमका तिथेच मागे राहिला. मार्च 2018 मध्ये व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून रेफरीला मदत करणारं तंत्र, खेळाच्या नियमांत आलं आणि त्याच वर्षीच्या विश्वचषकात वापरलं गेलं. 17 एप्रिल 2019 ला मँचेस्टर सिटी आणि टॉटनहॅम यांच्या चॅम्पियन्स लीग सामन्यात अगदी शेवटी, भरपाईच्या वेळेत सिटीच्या स्टर्लिंगनं गोल केला. सिटी उपांत्य फेरीत गेली म्हणून स्टेडियम नाचू लागलं, प्रशिक्षक ग्वार्डिओला धावत सुटले. थोड्याच वेळात ऑफसाइडमुळे गोल रद्द झाला. निर्णय बरोबर होता. तरीही त्या रात्रीपासून अनेक प्रेक्षक गोल झाल्यावर आधी रेफरीकडे बघू लागले, आनंद नंतर. टीव्हीसमोर बसलेल्याला रेषा आणि रिप्ले दिसतात. स्टेडियममधल्या माणसाला कित्येकदा रेफरीचा कानावर गेलेला हात तेवढा दिसतो. 2019 मध्ये प्रीमियर लीगनं व्हीएआर घेतलं, तेव्हा ओल्ड ट्रॅफर्ड आणि अ‍ॅनफिल्डवर मोठा पडदासुद्धा नव्हता. तिकीट काढून आलेल्यालाच सर्वांत कमी कळावं, हा सरळ अन्याय होता.

भारतात 2022 च्या 17 वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात व्हीएआर होतं.  पुढच्या वर्षी, 20 जुलै 2023 ला ऑकलंडमध्ये महिला विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात जपानच्या रेफरी योशिमी यामाशिता यांनी व्हिडिओ पाहून पेनल्टी दिली आणि कारण माइकवरून साऱ्या स्टेडियमला सांगितलं. पटावरच्या लाउडस्पीकरला जे कधीचं ठाऊक होतं, ते फुटबॉलला उमगायला पाच वर्षं लागली.

झाडीपट्टीतल्या पट समित्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी. चित्रीकरण तर करावंच लागतं. मग शेवटच्या रेषेवर एक कॅमेरा लावा, आणि वाद झाला तर ते दृश्य मंडपातल्या पंचांपुरतं ठेवू नका. रात्रीच्या नाटकाच्या मंचावर पडदा टांगा आणि बांधावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते दाखवा.