जामखेडच्या गावआरोग्य कार्यकर्त्या

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले, तेव्हा अहमदनगर जिल्ह्यातला हा तालुका दुष्काळी म्हणूनच ओळखला जाई. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेल्या या दांपत्याने आधी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केले होते. बरे होऊन घरी गेलेले रुग्ण त्याच दुखण्यांनी पुन्हा खाटेवर येतात, हे त्यांनी तिथे पाहिले. ही दुखणी बहुतेक खराब पाण्याची, अर्धपोटी राहण्याची, बाळंतपणातल्या हेळसांडीची होती. त्यामुळे अमेरिकेत शस्त्रक्रिया आणि सार्वजनिक आरोग्य शिकून परतल्यावर त्यांनी दवाखान्याइतकेच आजूबाजूच्या गावांकडे लक्ष दिले.

गावोगावी प्रशिक्षित परिचारिका ठेवायच्या, ही पहिली योजना फसली. बाहेरून आलेल्या मुलींना खेड्यात एकटीने राहणे जड गेले आणि गावातल्या बायाही त्यांच्यापाशी मोकळ्या होईनात. मग गावातलीच बाई शिकवून तयार करायचे ठरले. तिची निवड गावाने करायची होती. निवडल्या गेलेल्या बायांपैकी अनेक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काहींना नवऱ्याने टाकले होते. ज्यांना चारचौघांत बोलण्याचीही मुभा नव्हती, अशा बाया तापाच्या मुलाला हात लावून काय करायचे ते सांगू लागल्या.

प्रशिक्षण ठरावीक महिन्यांत संपवून प्रमाणपत्र हाती देण्याची पद्धत जामखेडला नव्हती. या बाया दर आठवड्याला तिथे येत, मुक्काम करत, वेगवेगळ्या जातींच्या एकत्र जेवत. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, बाळंतपणात कोणती लक्षणे धोक्याची, अंगावरचा बधिर चट्टा कुष्ठरोगाचा कसा ओळखावा, हे त्या शिकत आणि गावात करून पाहत. पुढच्या आठवड्यात काय जमले, कुठे अडले, ते सगळ्यांसमोर मांडत. या बायांना कामात टिकवून धरले ते या बैठकांनी, असे म्हणायला हवे. एकट्या पडलेल्या बाईला आपल्यासारख्या दहाजणी भेटत होत्या आणि दर खेपेला ती काहीतरी नवे शिकून परतत होती. तिच्या सल्ल्याने एखादे मूल वाचले की गावाची नजर बदले. ज्या घराच्या उंबऱ्याबाहेर तिला थांबावे लागे, त्याच घरातून बाळंतपणासाठी तिला बोलावणे येई. सेवाभाव या एका शब्दात हे सगळे मावत नाही. ज्ञान आणि मान दोन्ही प्रथमच वाट्याला आले होते, आणि ते गमावायला कोण तयार होईल?

१९७२च्या दुष्काळात बोअरवेल घ्यायची वेळ आली, तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसतील हे आरोळ्यांच्या प्रकल्पाने पाहिले. पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे जावे लागले. तरुण शेतकऱ्यांची मंडळे आणि महिला मंडळे कामाला जोडली गेली, त्यामुळे आरोग्य कार्यकर्तीच्या मागे गावातली माणसे उभी राहिली. तिला पगार नव्हता. शेळ्या पाळून, छोटे धंदे करून ती पोट भरी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५च्या पुस्तकात जामखेडची माहिती आली आणि १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. याच सुमारास, २ ऑक्टोबर १९७७ला, केंद्र सरकारने हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना सुरू केली. तिच्यात तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि महिना ५० रुपये मानधन होते. मात्र निवड झालेल्यांत पुरुषच अधिक होते, आणि प्रशिक्षणानंतरची नियमित साथ फारशी राहिली नाही. माणसे नेमली गेली. जामखेडची आठवड्याची बैठक काही सरकारी योजनेत आली नाही.

महाराष्ट्रातला दुसरा मोठा प्रयोग गडचिरोलीत झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या बायांना घरीच नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, ही डॉक्टरांची मानलेली कामे या आरोग्यदूतांनी केली. तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तीन वर्षांत २५ वर आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष छापले गेले आणि २०११ साली घरगुती नवजात काळजी देशभरातल्या ‘आशा’ या सरकारी आरोग्य कार्यकर्त्यांच्या कामात समाविष्ट झाली.

आशा ही योजना २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. तिचे मूळ स्वरूप मानधनाचे नसून कामागणिक मोबदल्याचे आहे: दवाखान्यात झालेले बाळंतपण, पूर्ण झालेले लसीकरण, प्रत्येकाचा दर वेगळा. यामुळे मोजता येणाऱ्या कामाला पैसा मिळतो. रात्री घाबरलेल्या सुनेजवळ बसून राहण्याला मिळत नाही. करोनाकाळात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेसाठी याच बाया घरोघर फिरल्या. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांनी मोबदल्यासाठी संप केला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला, तरी २०२३च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या आशांना पुन्हा संपावर जावे लागले. सन्मान मिळाला म्हणजे मोबदला कमी चालतो, हा समज या बायांनी मान्य केला नाही आणि त्यात त्यांचे काहीही चुकले नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या मासिक मोबदल्यात ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली.