वाळवंटातील लोहमार्ग आणि झुडपांची निवड



रुळांवर वाळू चढली की ती फावड्याने ओढावी लागते. रात्री वारा सुटला की सकाळी ती पुन्हा तेथेच! माझे आयुष्य कामगार चळवळीत गेले. त्यामुळे वाळवंटातील लोहमार्गाचा इतिहास वाचताना माझे लक्ष प्रथम त्या फावड्याकडे जाते.

चीनमधील बाओटो-लांजौ लोहमार्ग 1958 साली सुरू झाला. निंगश्या प्रदेशात शापोटो येथे तो टेंगर वाळवंटाच्या सरकत्या टेकड्यांमधून जातो. वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरही नाही, आणि भूजल इतके खोल की झुडपांची मुळे तेथवर पोचत नाहीत. नुसती रोपे लावावीत, तर वारा ती उपटून टाकी किंवा वाळूत गाडी.

म्हणून 1956 पासून आधी वाळू बांधण्याचे काम झाले. वाऱ्याच्या तोंडाशी फांद्यांचे कुंपण घातले. त्यामागे गव्हाचे काड हाताने वाळूत खोवून एकेक मीटरचे चौकोन पाडले, जणू बुद्धिबळाचा पटच. काड चार-पाच वर्षांत कुजते. तेवढ्या अवधीत रोपांनी मूळ धरायचे.

रोपे कोणती? आपल्या दवण्याच्या कुळातील आर्टेमिसिया, आणि कॅरागाना व हेडिसॅरम ही दोन शेंगावर्गीय झुडपे. या दोघांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र बांधतात. तिन्ही वाळवंटातच वाढणारी. एकावर संकट आले, तरी दुसरे उभे राहील, हा मिश्रणाचा लाभ.

हा लाभ केवढा, ते पुढे त्याच निंगश्यात दिसले. 1978 साली उत्तर चीनमध्ये वनपट्ट्यांची प्रचंड योजना सुरू झाली. निंगश्यात पॉप्लरच्याच रांगा लागल्या होत्या. खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने त्यांचा फडशा पाडला.

पण शापोटोच्या यशालाही दुसरी बाजू आहे. झुडपांनी खोलवरची ओल पिऊन टाकली. वाळूवर सूक्ष्म जीव व शेवाळ यांचा पापुद्रा धरला. तो पावसाचे पाणी वरच्याच थरात अडवू लागला. झुडपांचे आच्छादन सुमारे एक तृतीयांशावरून काही दशकांत दहाव्या हिश्श्यापर्यंत उतरले. त्यांच्या जागी उथळ मुळांची गवते आली. तरी वाळू हलली नाही, कारण आता तिला तो पापुद्रा धरून होता.

वाळवंटात झाडे किती लावली, हा प्रश्न उद्घाटनाच्या दिवशी विचारतात. तेथील पाऊस किती झाडे पोसू शकेल, हा प्रश्न रोपे खरेदी करण्यापूर्वी विचारला पाहिजे. तसे झाले नाही, तर झाडे वाळतात आणि मजुराच्या हाती पुन्हा फावडे येते. शापोटोला आजही गाड्या धावतात. त्या प्रवासात खिडकीबाहेर दिसणारा प्रत्येक चौकोन कोणीतरी गुडघ्यांवर बसून खोवला होता, एवढे आपण ध्यानी ठेवावे.