'मोकळी' जमीन आणि टिटवीची अंडी

समुद्राने अंडी ओढून नेली, म्हणून समुद्रच आटवायला निघालेल्या टिटवीची पंचतंत्रातली गोष्ट आपण वर्गात सांगतो. मुंबईत माणसाने समुद्र खरोखरच मागे हटवला. अठराव्या शतकात वरळीच्या खाडीला बांध घातला गेला आणि आतल्या सखल भागात हळूहळू भर पडत गेली. पुढे परळ-लालबागच्या परिसरात कापडगिरण्या उभ्या राहिल्या. या नव्या जमिनीच्या हिशेबात टिटवी मात्र कुठेच नव्हती.

टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर उथळ खळगा करून ती बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा मातकट रंग आणि त्यांवरचे काळपट ठिपके खड्यांत असे मिसळतात, की जवळून जाणाऱ्यालाही ती दिसू नयेत. पाडलेल्या इमारतीची खडी-विटांनी भरलेली जागा तिच्या दृष्टीने नदीच्या कोरड्या पात्रासारखीच. पण न दिसण्याचा हा बचाव कावळ्यापुढे चालतो, पोकलेनपुढे चालत नाही. शिवाय तिचा विणीचा हंगाम मुख्यतः मार्च ते ऑगस्ट, आणि पावसाळ्याआधी खोदकाम उरकण्याची घाईही त्याच दिवसांत!

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने या जमिनीचे तीन वाटे ठरवले: शहरासाठी मोकळी जागा, सार्वजनिक घरबांधणी आणि मालक. २००१ च्या बदलाने ही वाटणी आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच ठेवली. गिरणी पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून वगळली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल मान्य केला. सारा वाद 'मोकळी जमीन' कशाला म्हणावे, याभोवती फिरला. मोकळी म्हणजे माणसाच्या बांधकामाविना, हे सर्वांनीच गृहीत धरले होते.

वास्तविक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांची अंडी फोडणे किंवा घरट्यांना उपद्रव देणे 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच घातले आहे. तेव्हा घरटे असलेली जागा कायद्यानेही रिकामी नव्हे.

मग बांधकाम थांबवायचे का? कॅनडातील ओटावा शहरात २०१८ साली एका संगीत महोत्सवाच्या मैदानावर, नेमकी व्यासपीठाच्या जागी, टिटवीच्याच कुळातील किलडिअर पक्ष्याची चार अंडी सापडली. सरकारी परवानगी घेऊन तज्ज्ञांनी ते घरटे थोडे थोडे करून सुमारे ५० मीटर सरकवले. पिल्लेही बाहेर आली आणि महोत्सवही झाला. टिटवीची अंडी उबायला सुमारे चार आठवडे लागतात आणि पिल्ले लवकरच चालू लागतात. म्हणजे प्रश्न बहुधा काही मीटरांच्या कुंपणाचा आणि महिन्याभराच्या वेळापत्रकाचा असतो.

शाळेजवळ खोदकाम होणार असेल, तर विद्यार्थ्यांसह आधी बाहेरूनच निरीक्षण करावे. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली, तर तिथून मागे यावे. दुपारच्या उन्हात ती अंड्यांवर सावली धरते. आपण थांबलो तर अंडी तापतात. घरट्याला हात न लावता वनखात्याला आणि मुकादमाला कळवावे. जमीन मोकळी आहे की नाही, हे नकाशावरून ठरवण्याआधी एकदा तिथे जाऊन पाहायला हवे.