गोमंतकीयांचे नागरिकत्व व त्याची पुनःप्राप्ती

पोर्तुगीज अंमलाखालील गोवा, दमण व दीव या प्रदेशांत जन्मलेल्या व्यक्तींचे मूळ पोर्तुगीज नागरिकत्व, १९६१ नंतर त्यांना लाभलेले भारतीय नागरिकत्व आणि यांपैकी एक पुन्हा मिळविताना दुसरे गमावण्याचा प्रश्न, यांचा या विषयात अंतर्भाव होतो. आपले नागरिक कोण, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राज्यास आहे, हे तत्त्व १९३० च्या हेग करारात नमूद झाले. त्यामुळे एकाच व्यक्तीस दोन राज्ये आपापली नागरिक मानू शकतात. गोमंतकीयांच्या बाबतीत नेमके हेच घडले.

पोर्तुगीज राजवटीत गोव्याचे रहिवासी कायद्याने पोर्तुगीज नागरिक होते. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर हिंदूंनाही समान नागरी हक्क मिळाले. तथापि सालाझारच्या हुकूमशाहीत या नागरिकत्वास राजकीय स्वातंत्र्याची जोड नव्हती. त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्य यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणाची मीमांसा केली आहे.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने केलेल्या कारवाईनंतर हे प्रदेश भारतात समाविष्ट झाले. घटनेच्या बाराव्या दुरुस्तीने हा समावेश २० डिसेंबर १९६१ पासून अंमलात आला असे ठरले. त्यानंतर १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाच्या सातव्या कलमान्वये केंद्र सरकारने २८ मार्च १९६२ रोजी गोवा, दमण व दीव नागरिकत्व आदेश काढला. जी व्यक्ती स्वतः, किंवा जिचे आईवडील अथवा आजी-आजोबा यांपैकी कोणीही, २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशांत जन्मले असेल, ती भारतीय नागरिक झाल्याचे मानण्यात आले. पूर्वीचे नागरिकत्व कायम ठेवू इच्छिणाऱ्यांना लेखी घोषणा करण्यासाठी एक महिन्याची मुदत होती.

अशी घोषणा करणाऱ्यांत मोंतेरो हे ख्रिस्ती धर्मगुरू होते. भारतात राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावरही ते गोव्यातच राहिले, म्हणून त्यांच्यावर परकी नागरिकविषयक कायद्याखाली खटला झाला. गोवा हा व्याप्त प्रदेश असल्याने जिनीव्हा करारांचे संरक्षण आपणास मिळावे, हा त्यांचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये फेटाळला. प्रदेश भारतात विलीन होताच सैनिकी व्याप्ती संपुष्टात आली, असा न्यायालयाचा अभिप्राय होता. वास्तव्याची भूमी तीच राहिली. परंतु नागरिकत्व बदलण्यास नकार दिल्याने त्या भूमीवर राहण्यासाठी परवाना आवश्यक ठरला.

पोर्तुगालने मात्र या विलीनीकरणास दीर्घकाळ मान्यता दिली नाही. एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर धोरण बदलले आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्ली येथे झालेल्या करारान्वये गोवा, दमण, दीव तसेच दाद्रा व नगरहवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व त्याने मान्य केले. पुढे १९७५ च्या एका हुकूमान्वये पूर्वीच्या पोर्तुगीज भारतात जन्मलेल्यांना, इच्छा प्रकट केल्यास, पोर्तुगीज नागरिकत्व राखण्याची मुभा मिळाली. १९८१ च्या नागरिकत्व कायद्याने अन्य देशाचे नागरिकत्व घेतल्यामुळे पोर्तुगीज नागरिकत्व आपोआप न गमावण्याचे तत्त्व स्वीकारले, आणि परदेशात जन्मलेल्या पोर्तुगीजांच्या अपत्यांनाही जन्मनोंदणीद्वारे ते मिळविता येऊ लागले.

या तरतुदींना आर्थिक महत्त्व आले ते १९८६ मध्ये पोर्तुगाल यूरोपीय समुदायाचा सदस्य झाल्यावर. पोर्तुगीज पारपत्रामुळे यूरोपातील अन्य देशांत नोकरी व वास्तव्य करणे शक्य झाल्याने अनेक गोमंतकीय ग्रेट ब्रिटनमध्ये गेले. स्विंडन येथे त्यांची मोठी वस्ती झाली. ब्रिटन यूरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतरच्या संक्रमणकाळाची अखेर ३१ डिसेंबर २०२० रोजी झाली आणि नव्याने जाणाऱ्यांपुरता हा मार्ग बंद झाला.

लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात गोव्यातील जन्माची नोंद करणे, ही या प्रक्रियेतील मुख्य पायरी होय. पोर्तुगीज दृष्टीने ही जन्मसिद्ध हक्काची केवळ नोंद असते. भारतीय संविधानाच्या नवव्या अनुच्छेदानुसार आणि नागरिकत्व अधिनियमाच्या नवव्या कलमानुसार मात्र परकीय नागरिकत्व स्वेच्छेने संपादन करताच भारतीय नागरिकत्व संपते. परदेशी पारपत्र मिळविणे हा त्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. परंतु पारपत्र न घेता केवळ जन्मनोंद केली असेल, तर ते ‘संपादन’ ठरते काय, हा प्रश्न वादग्रस्त ठरला आहे. मतदानाचा व निवडणूक लढविण्याचा हक्क भारतीय नागरिकत्वावर अवलंबून असल्याने हा वाद निवडणुकांच्या संदर्भातही उपस्थित झाला.

भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. २००३ व २००५ च्या दुरुस्त्यांनी सुरू झालेली ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ ही नोंदणी नावाने नागरिकत्व असली, तरी तीत मतदानाचा वा संविधानिक पदे भूषविण्याचा अधिकार नाही, तसेच शेतजमीन खरेदी करता येत नाही. १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात समाविष्ट झालेल्या प्रदेशांतील व्यक्तीही तीस पात्र असल्याने गोमंतकीयांना तिचा लाभ घेता येतो. भारतीय नागरिकत्व पुन्हा मिळवू इच्छिणाऱ्यास, तो किंवा त्याच्या आईवडिलांपैकी कोणी पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक असल्यास, अर्जापूर्वी भारतात बारा महिने वास्तव्य करून नोंदणीसाठी अर्ज करता येतो. वरील नोंदणी पाच वर्षे असलेल्यांसही बारा महिन्यांच्या वास्तव्यानंतर ती वाट खुली आहे. मात्र नागरिकत्व मिळताना परकीय नागरिकत्व सोडावे लागते. गोमंतकीयाला १९६२ मध्ये एका महिन्यात करावी लागलेली निवड पुढील पिढ्यांनाही चुकलेली नाही. भारत व पोर्तुगाल यांपैकी एकाचे पूर्ण सदस्यत्व स्वीकारताना भारताच्या कायद्यापुढे दुसऱ्याचा त्याग अटळ ठरतो.