व्हरांड्यातला भूतकाळ

मध्य रेल्वेवर नेरळ आणि कर्जत यांच्यामध्ये जे स्थानक लागते, त्याचे नाव भिवपुरी नव्हे, भिवपुरी रोड आहे. मूळ गाव रुळांपासून दूर, पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. स्थानकातून डोळ्यांत भरतो तो मात्र पश्चिमेचा माथेरानचा डोंगर. पूर्वेकडे १९२२ मध्ये सुरू झालेले जलविद्युत केंद्र, तर पश्चिमेकडे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट याने 'शोधून काढलेले' थंड हवेचे ठिकाण. ज्या डोंगरावर ठाकूर, कातकरी आणि धनगर पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते, तो शोधून काढावा लागला, ही भाषा आजही पर्यटनाच्या माहितीपत्रकांतून निर्धास्तपणे वापरली जाते.

या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात शेतघरे आणि रिसॉर्ट दाटीने उभी राहिली आहेत, आणि जुना काळ हा तेथे चांगला खपणारा माल आहे. तो दोन प्रतींत मिळतो. सपाटीवर मिळतो तो गावाचा जुना काळ: बैलगाडीची फेरी, शेणाने सारवलेले अंगण, चुलीवरची भाकरी आणि भिंतीवर वारली चित्रे. (वारली समाजाची मुख्य वस्ती उत्तरेस डहाणू-जव्हारकडची, पण सजावटीला भूगोल लागत नाही.) डोंगरावर मिळतो तो साहेबाचा जुना काळ. माथेरान हे कर्जत तालुक्यातच आहे, आणि तेथील एकोणिसाव्या शतकातले काही बंगले आज हॉटेले म्हणून नांदतात. त्यांपैकी 'बार हाऊस' या बंगल्यात नीमराणा समूहाने जे हॉटेल थाटले त्याचे नावच मुळी 'व्हरांडा इन द फॉरेस्ट' असे होते.

आम्ही गेलो ते अशाच एका बंगल्यात, मुक्कामाविना. भिवपुरी रोडहून डिकसळ, पाली-भूतिवलीचे धरण, सागाची वाडी असे करत गार्बट पठारावरून माथेरानला चढता येते. हॉटेलात दुपारच्या जेवणाचे आणि चहाचे पैसे भरले की काही तास व्हरांड्यात बसण्याची मुभा मिळते. खोल्या पाहायला मिळतात त्या दारातून. दिवसाच्या पाहुण्याची ही अवस्था आम्हांला मोठी सोयीची वाटली. तो पुरता आत नसतो, पुरता बाहेरही नसतो; आणि व्हरांडा म्हणजे तरी दुसरे काय?

जे दिसले ते सुरेख होते, हे आधी कबूल केले पाहिजे. लांब हातांच्या आरामखुर्च्या, मच्छरदाणीचा उंच पलंग, कर्णा असलेला ग्रामोफोन, भिंतीवर पिवळटलेली छायाचित्रे. छताला कंदील टांगलेले, आणि कंदिलांत विजेचे दिवे. या दिव्यांपाशी आम्ही बराच वेळ अडखळलो. ज्या काळाचा देखावा येथे मांडला आहे, त्याच काळात, समोरच्याच सह्याद्रीच्या कुशीत, भिवपुरीला वीज तयार होऊ लागली होती. ती मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. पायथ्याच्या वाड्यांच्या डोक्यावरून तारा गेल्या, वाड्यांत उजेड आला नाही. कंदील हा साहेबाच्या बंगल्यात आज नक्षी म्हणून शोभतो. तारांखालच्या माणसाला तो नक्षी म्हणून ठाऊक नव्हता.

'नोस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या तरुण वैद्यकाने बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडविला. 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले, आणि त्याला म्हणायचे होते ते एका आजाराबद्दल. आपण मराठीत त्याला स्मरणरंजन म्हणतो. शब्द देखणा आहे, पण त्यातून वेदना गळाली आणि तिच्या जागी रंजन येऊन बसले. भाषांतरात झालेला हा बदल आम्हांला पूर्वी केवळ शब्दकोशाचा प्रश्न वाटे. व्हरांड्यात बसल्यावर तो इतिहासाचाही प्रश्न वाटू लागला. कारण येथे सेवा मांडलेली आहे, सेवक मात्र चित्रातून वगळले आहेत.

माथेरानवर मोटारी चालत नाहीत. दस्तुरी नाक्याशी थांबतात. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. त्याआधीची सारी वर्षे वर येणारा माणूस घोड्यावरून, नाहीतर माणसांच्या खांद्यांवरून आला, आणि त्याचा पलंग, त्याची पेटी, त्याचे पाणी हेही कुणाच्या तरी डोक्यावरून किंवा पाठीवरून आले. गाडी आल्यावरही स्थानकापासून बंगल्यापर्यंतचे ओझे माणसाचेच राहिले. पायथ्याच्या वाड्यांतून दूध, भाजी, लाकूडफाटा घेऊन पहाटे चढायचे आणि संध्याकाळी उतरायचे, हा येथला जुना रिवाज आहे. म्हणजे या डोंगरावर मुक्कामाविना येणारे पहिले लोक आम्ही शहरवासी नव्हेत. आम्ही ज्या वाटेला 'ट्रेक' म्हणतो ती त्यांची कामावर जाण्याची वाट आहे. वेळापत्रकही तेच: उन्हाआधी चढणे, अंधाराआधी उतरणे. फरक एवढाच, की त्यांना व्हरांड्यात खुर्ची नसे.

याच माथेरानात १ डिसेंबर १९१२ रोजी न्हावी समाजातील एका गरीब कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. पुढे ते भाई कोतवाल म्हणून ओळखले गेले. त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षपद भूषविले, आदिवासी व शेतकरी मुलांसाठी शाळा चालविल्या आणि शेतकरी सावकाराच्या दाराशी जाऊ नये म्हणून धान्यकोठी उभारली. साहेबाचा जुना काळ आणि हा जुना काळ एकाच गावातला, एकाच दशकातला आहे. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले आणि त्यांच्या 'आझाद दस्त्या'ने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याची मोहीम उघडली. मनोऱ्यांची निवड आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. आपल्या डोक्यावरून कोणाचा उजेड कोठे जातो, हे या मंडळींना कोणी पुस्तकातून शिकविण्याची गरज नव्हती. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. माथेरानमध्ये त्यांचे स्मारक आहे. आम्ही पाहिलेल्या भिंतीवरच्या पिवळ्या छायाचित्रांत मात्र गव्हर्नर होते, घोडे होते, टोप्या घातलेल्या मडमा होत्या.

हॉटेलाने क्रांतिकारकाचे चित्र लावावे, असा आमचा आग्रह नाही. तसे झाले तर तेही ग्रामोफोनशेजारी शोभेल, आणि ती अधिक वाईट गोष्ट होईल. जुनी वास्तू कोणी राखतो आहे, छपराची कौले शाकारतो आहे, हेही थोडे नव्हे. पावसाळ्यात या डोंगरावर घर उभे ठेवणे किती कठीण आहे हे तेथल्या पडक्या बंगल्यांकडे पाहून कळते. प्रश्न आहे तो भूतकाळाचा कोणता भाग सजावटीत मावतो आणि कोणता मावत नाही, हा.

सजावटीत न मावणारा एक भाग अगदी कालपर्यंत वर्तमानच होता. माथेरानच्या लाल मातीच्या चढावरून पुढून ओढणारा आणि मागून रेटणारे अशी माणसे हातरिक्षा नेत. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षांचा प्रायोगिक आरंभ झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांच्या उपजीविकेसाठी योजना आखण्याचा आदेश दिला. मॅलेटपासून मोजले तर तोवर १७५ वर्षे झाली होती.

आता या हातरिक्षांचे काय होणार, याची आम्हांला थोडी धास्ती आहे. लाकडी दांडे तासून, पितळेला झिलई देऊन, एखादी रिक्षा उद्या एखाद्या व्हरांड्यात फुलांच्या कुंड्यांसह उभी राहील आणि दिवसाचे पाहुणे तीत बसून छायाचित्रे काढून घेतील. तिच्याखाली पाटी लागलीच, तर तीवर कोणाची नावे असतील?