तारेच्या टोंकाचा इतिहास

अमेरिकेंतील न्यू हेवन या गांवीं २८ जानेवारी १८७८ रोजीं जगांतील पहिली व्यापारी टेलिफोन-कचेरी उघडली, तेव्हां तिचीं गिऱ्हाइकें अवघीं एकवीस होतीं. ह्या एकवीस ठिकाणच्या तारा हव्या तशा एकमेकींस जोडतां याव्यात म्हणून जॉर्ज कॉय या गृहस्थानें एक फळी तयार केली. त्या कामाचीं उपकरणें बाजारांत मिळत नव्हतीं. कारण तसें काम त्यापूर्वीं फारसें कोणी केलेंच नव्हतें. तेव्हां त्यानें घोडागाडीचे बोल्ट घेतले, चहाच्या किटल्यांच्या झाकणांच्या मुठी घेतल्या, आणि बायकांच्या झग्याखालीं घालावयाच्या सांगाड्याची तार ओढून काढली. हवा तो सांधा दुकानांत मिळत नाहीं, ही तक्रार या व्यवसायाइतकीच जुनी आहे, ती अशी.

गिऱ्हाइकें वाढलीं तशी असली फळी अपुरी पडूं लागली. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनींतील चार्ल्स स्क्रिब्नर यानें स्विचबोर्डाच्या सॉकेटांत सुधारणा केली. त्याच्या आरंभींच्या सॉकेटाचा घाट मिटणाऱ्या चाकूसारखा, म्हणजे इंग्रज ज्याला जॅकनाइफ म्हणतात तसा होता. त्यावरून ‘जॅक’ हा शब्द रूढ झाला. पुढें चाकू विसरला गेला, शब्द तेवढा राहिला. त्या सॉकेटांत शिरणारी धातूची कांडी पाव इंच जाडीची. तिच्या शेंड्याला एक तार, अंगाला दुसरी, आणि जरूर पडल्यास दोहोंच्या मध्यें एक कडें, त्याला तिसरी. मुंबईंत टेलिफोनची कचेरी १८८२ सालीं आली, आणि तेथेंहि पुढें अशाच दोऱ्यांच्या फळीपुढें बसून ऑपरेटर लोकांचीं बोलणीं जुळवीत असत. तो टेलिफोन आज पदार्थसंग्रहालयांत गेला आहे. ती पाव इंची कांडी मात्र विजेच्या गिटारींत आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलींत अजून राबते आहे.

परंतु पाव इंच म्हणजे सर्वत्र सारखाच पाव इंच, असें समजण्याचें कारण नाहीं. ब्रिटिश पोस्ट खात्यानें आपल्या प्लगाचा शेंडा निराळ्या, बारीक घाटाचा ठेविला. दोन्ही प्लग शेजारीं ठेविले तर अनोळखी डोळ्यास भेद कळावयाचा नाहीं. पण जाड शेंड्याचा प्लग ब्रिटिश सॉकेटांत दामटला तर आंतील स्प्रिंग कायमची वांकते, आणि मग मूळचा प्लगहि तेथें नीट बसत नाहीं. जो जोड मुळींच बसत नाहीं तो निरुपद्रवी. जो बसल्यासारखा दिसतो त्याच्यापासूनच खरें भय.

पुढें रेडिओ आला, आणि ग्रामोफोनचा आवाज रेडिओच्या कर्ण्यांतून ऐकावा अशी लोकांना इच्छा झाली. त्यासाठीं अमेरिकेंतील आर. सी. ए. कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांत एक स्वस्त प्लग काढिला: मध्यें एक खुंटी, भोंवतीं पत्र्याची पाकळी. त्याचें रूप सामान्य, गुणहि सामान्य. परंतु पुढें जपानी कारखानदारांनीं तो उचलला आणि त्यांच्या मालाबरोबर तो घरोघर गेला.

युरोपांत मात्र निराळाच संप्रदाय निर्माण झाला. जर्मनीची मानकें ठरविणारी संस्था १९१७ सालीं स्थापन झालेली. तिच्या नांवाचा ‘डिन’ प्लग विसाव्या शतकाच्या मध्यास तिकडील रेडिओ व टेप रेकॉर्डर यांवर बसूं लागला. एका वाटोळ्या टोपणांत तीन किंवा पांच पिना. कल्पना मोठी सुरेख होती. एकाच तारेनें आवाज रेकॉर्डरमध्यें जावा आणि त्याच तारेनें परत यावा. चार प्लग ओळखून लावण्याची यातायात घरच्या माणसास पडूं नये. पांच पिनांपैकीं पहिली व चौथी मुद्रणासाठीं, तिसरी व पांचवी श्रवणासाठीं, आणि मधली दुसरी सर्वांची सामाईक. ग्रुंडिग, टेलिफुंकेन, फिलिप्स या सर्वांचीं यंत्रें ह्याच पद्धतीचीं. गृहस्थाच्या सोयीचा इतका विचार दुसऱ्या कोणत्याहि प्लगांत झालेला दिसत नाहीं. आणि गृहस्थाला आज सर्वांत जास्त हिंडवितो तोहि हाच.

ह्या हिंडण्याचा आपल्याकडील संबंध असा. १९५० नंतरच्या दोन-तीन दशकांत मुंबई-पुण्याच्या हौशी घरांतून स्पूलचे टेप रेकॉर्डर आले. जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटें मावत; फितीवर सबंध ख्याल मावूं लागला. खाजगी बैठकींतलें गाणें, आजोबांनीं सांगितलेल्या आठवणी, लग्नांतले उखाणे, सारें ह्या फितींवर उतरलें. ह्यांतील बहुतेकांची दुसरी प्रत कोठेंहि नाहीं. फितीवरचा चुंबकीय लेप सुटत जातो, तिचा जीव आपल्या सवडीची वाट पाहत नाहीं. यंत्र दुरुस्त करणारा एखादा जुना कारागीर अजून सांपडतो. पण तें यंत्र आजच्या संगणकास जोडावयाची तार विचारली म्हणजे लॅमिंग्टन रोडवर बहुधा मान हालते.

बरें, सांधा मिळाला तरी काम संपलें असें नव्हे. श्रवणाची बाजू सोपी आहे. खरी अडचण उलट दिशेनें आवाज पाठवितांना येते. जर्मन पद्धतींत रेकॉर्डरकडे जाणारा विद्युत्-दाब फार क्षीण, दर हजार ओहमला सुमारें एक मिलिव्होल्ट, असा ठरविलेला. आर. सी. ए. प्लगाच्या यंत्रांतून सामान्यतः एक-तृतीयांश व्होल्ट येतो. मध्यें योग्य रेझिस्टर न घालतां दोन्ही नुसतीं जोडलीं तर आवाज फाटतो, आणि दोष बिचाऱ्या यंत्राच्या माथीं येतो.

साडेतीन मिलिमीटरचा लहान प्लग ही पाव इंची कांडीचीच धाकटी आवृत्ति. सोनी कंपनीनें तो १९६४ सालच्या एका ट्रान्झिस्टर रेडिओवर बसविला; १९७९ सालच्या वॉकमननें तो जगभर नेला. पहिल्या वॉकमनला दोघांनीं मिळून ऐकावें म्हणून दोन सॉकेटें होतीं, हें आतां कौतुकानें आठवावें असें. ॲपल कंपनीच्या २००७ सालच्या पहिल्या आयफोनमध्यें सॉकेट होतें, पण इतकें खोल कीं पुष्कळ प्लग त्यांत पोंचत नसत. २०१६ सालच्या आयफोन ७ मध्यें तेंहि गेलें. त्यानंतर आलेल्या टाइप-सी जोडांत दोन जाती आहेत. एकीच्या पोटांत अंकांचा आवाज करणारें सूक्ष्म यंत्र असतें, दुसरीच्या पोटांत नुसत्या तारा; वेष्टनावर हा भेद पुष्कळदां लिहिलेला नसतो.

डिन प्लग मात्र सर्वस्वी मेला नाहीं. १९८३ सालीं विजेचीं वाद्यें परस्परांस जोडण्याची ‘मिडी’ नांवाची पद्धति निघाली, आणि तिनें हाच पांच पिनांचा प्लग पतकरला. त्यामुळें जो प्लग रेडिओच्या दुकानांत मिळत नाहीं तो वाद्यांच्या दुकानांत खुशाल मिळतो. मात्र मिडीला दुसरी, चौथी आणि पांचवी एवढ्याच पिना लागतात. पहिली व तिसरी पिन अशा तारेंत बहुधा रिकामी ठेवलेली असते. ती तार जुन्या स्टीरिओ रेकॉर्डरला लाविली तर उजवी बाजू वाजते, डावी मुकी राहते, आणि फीत अर्धी खराब झाली अशी समजूत करून घेऊन लोक ती कपाटांत परत ठेवितात. अशा वेळीं सुटा डिन प्लग आणावा, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पांचव्या पिनेला तारा डाखवून घ्याव्या, आणि तीच फीत पुन्हां लावून पाहावी.