कोरियाचा रांजण

श्रोतेहो, आपल्या घरात लोणच्याची बरणी असते, धान्याची कणगी असते, पाण्याचा रांजण असतो. रोजच्या वापरातल्या या वस्तूंकडे आपण कधी निरखून पाहत नाही. आज मी आपल्याला अशाच एका मातीच्या रांजणाची हकीकत सांगणार आहे. हा रांजण कोरिया देशातला. तिकडे त्याला ‘ओंगी’ म्हणतात. या ओंगीने त्या देशाचे अन्न टिकवले, हे तर खरेच. पण एका कठीण काळात तिने जिवाला मुकण्याची पाळी आलेल्या माणसांनाही आपल्या आड लपवले. ती गोष्ट कशी घडली ते ऐका.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघे मित्र कोरियाला गेलो होतो. एक आमचे गुरुजी. इतिहास शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, आणि गळ्यात तुळशीची माळ. दुसरे अण्णा, पिढीजात कुंभार. तिसरा मी. तिकडचा उन्हाळा आपल्या वैशाखासारखा कोरडा नसतो. जून-जुलैत तिथे पावसाळी हवा असते आणि उकाडा असा की अंगाला सदरा चिकटून बसावा. अशा दिवसांत तिकडचे लोक काय खातात म्हणाल? तर वाफाळता रस्सा! कोंबडीच्या पोटात तांदूळ, लसूण आणि जिन्सेंग नावाचे मूळ भरून ती शिजवतात. उष्णतेला उष्णतेनेच मारावे, असा त्यांचा हिशेब. अण्णांनी घाम पुसत वाडगाभर रस्सा संपवला. माळकरी गुरुजी मात्र भात, पालेभाजी आणि काकडी यांच्यावर दिवस काढत होते.

एका खेड्यात आम्ही एका शेतकऱ्याच्या घरी गेलो. घरामागे उन्हाची जागा बघून दगडी ओटा बांधलेला, आणि त्यावर लहानमोठे तपकिरी रांजण ओळीने मांडलेले. या ओट्याला ‘जांगदोक्दे’ म्हणतात. घरातल्या आजींनी एकाचे झाकण उचलले. आत काळसर पाणी आणि त्याला उग्र, खारट वास. अण्णांचे लक्ष मात्र रांजणावरच. त्यांनी बोटाच्या पेराने त्यावर टकटक केले, बाहेरच्या अंगावर आलेला मिठाचा पांढरा थर नखाने खरवडला आणि म्हणाले, “गुरुजी, भाजणी पक्की आहे. पण बघा, हा श्वास घेतोय.”

अण्णांनी बरोबर ओळखले. ओंगीच्या मातीत लोह असते आणि बारीक वाळूही असते. तिच्यावर राख आणि कुजलेल्या पाल्याची माती यांचा लेप देऊन ती चांगली तापलेल्या भट्टीत भाजतात. तिच्या अंगात इतकी सूक्ष्म छिद्रे राहतात की आतले पाणी गळत नाही, पण हवा मात्र ये-जा करते. म्हणून आतला माल नासत नाही, मुरतो.

आणि मुरवायचे काय, तर सोयाबीन. थंडीच्या तोंडाशी सोयाबीन उकडून, कुटून, त्याच्या विटा करतात आणि भाताच्या पेंढ्याने बांधून टांगतात. त्यांना बुरशी धरली की वसंताच्या सुमारास त्या मिठाच्या पाण्यात घालून रांजणात ठेवतात. पाणी पुरेसे खारट झाले की नाही, हे पाहण्याची युक्ती मोठी गमतीची आहे. त्यात अंडे सोडायचे. ते तरंगून त्याचा नाण्याएवढा भाग वर दिसला की मीठ बरोबर. वर कोळसा आणि लाल मिरच्या टाकतात. महिना-दोन महिन्यांनी पाणी वेगळे काढतात. ते झाले ‘गानजांग’. खाली उरलेला गोळा म्हणजे ‘द्वेनजांग’. कोरियाच्या स्वयंपाकाची सारी चव या दोन गोष्टींवर उभी आहे.

म्हणूनच हा ओटा नुसता सामान ठेवण्याची जागा राहिला नाही. नव्या रांजणाला डाव्या पिळाची पेंढ्याची दोरी बांधायची, म्हणजे वाईट दृष्ट आत शिरत नाही, अशी जुनी समजूत. घरची बाई पहाटे उठून विहिरीचे पहिले पाणी वाटीत घेई, ती वाटी या ओट्यावर ठेवी आणि दूरदेशी गेलेल्या मुलासाठी, आजारी नातवासाठी हात जोडी. ना मूर्ती, ना पुजारी. रांजण आणि पाण्याची वाटी, एवढेच देऊळ. २०२४ साली युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात या खारवण्याच्या विद्येचा समावेश केला, तेव्हा कृतीबरोबर तिच्यामागच्या श्रद्धाही त्यात धरल्या.

पुढे आम्ही हेइन्सा या बौद्ध मठात गेलो. तिथे तेराव्या शतकात, मंगोलांच्या स्वाऱ्या चालू असताना, बौद्ध धर्मग्रंथ कोरलेल्या ८१,२५८ लाकडी फळ्या जपून ठेवल्या आहेत. त्या ठेवण्याच्या इमारतींच्या खिडक्या खाली-वर मुद्दाम लहानमोठ्या केल्या आहेत, म्हणजे वारा आत खेळता राहावा. अण्णा म्हणाले, “हाही रांजणच की!”

मठातल्या जेवणाने गुरुजींची खरी सोय झाली. भिक्षूंच्या अन्नात मांस-मासळी नाही, कांदा-लसूणही नाही. त्यांची किमचीसुद्धा बिनलसणाची. भिक्षूंची जुनी रीत अशी की चार वाडगे घ्यायचे आणि शीत न् शीत संपवायचे. शेवटी मुळ्याच्या किंवा किमचीच्या फोडीने वाडगा पुसायचा आणि धुतलेले पाणीही पिऊन टाकायचे. बौद्ध धर्म कोरियात ३७२ साली पोचला आणि शतकानुशतके राजमान्य होता. पण १३९२ साली जोसोन घराण्याचे राज्य आले. त्याने कन्फ्यूशियसची शिकवण धरली आणि पुढे भिक्षूंना राजधानीत पाऊल टाकायलाही बंदी झाली. ती उठायला १८९५ साल उजाडले.

आता एक गंमत ऐका. आज लालभडक दिसणारी किमची जुन्या काळी लाल नव्हतीच. मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीज जहाजांमुळे ती जशी गोव्याच्या किनाऱ्यावर आली, तशीच पूर्वेकडेही गेली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस कोरियात शिरली. १६१४ साली यी सु-ग्वांग नावाच्या पंडिताने आपल्या ग्रंथात तिची नोंद केली, ती विषारी म्हणून! याच ग्रंथात त्याने आणखी एका परक्या गोष्टीची ओळख करून दिली. ती म्हणजे चीनमध्ये राहणाऱ्या मातेओ रिची या ख्रिस्ती धर्मगुरूचे पुस्तक. मिरची आणि ख्रिस्ती धर्म, दोन्हींचा उल्लेख एकाच ग्रंथात. मिरचीला घरोघर जागा मिळाली. धर्माला मात्र फार मोठी किंमत द्यावी लागली.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा भाग आपल्यासाठी मुद्दाम सांगतो. कोरियात ख्रिस्ती धर्म आधी धर्मगुरूंनी नेला नाही, पुस्तकांनी नेला. पेकिंगला जाणाऱ्या वकिलातींबरोबर ग्रंथ येत, पंडित ते वाचीत आणि आपसांत वाद करीत. अखेर १७८४ साली यी सुंग-हून या तरुणाने पेकिंगमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि परत येऊन मित्रांना दिला. देशात एकही धर्मगुरू नसताना अशी मंडळी जमली.

पण अडचण आली ती ताटावरून. कोरियात आईबाप वारले की त्यांच्या नावाची लाकडी पाटी घरात ठेवीत आणि तिच्यापुढे भात, रस्सा, फळे, मद्य यांचे पान मांडीत. या विधीला ‘जेसा’ म्हणतात. आपल्याकडच्या श्राद्धाच्या पानाची आपल्याला आठवण होईल. मुलाने हे पान वाढले नाही, तर तो मुलगाच नव्हे, अशी समजूत. आणि जो आईबापांना मानीत नाही, तो राजाला काय मानणार? इकडे पेकिंगच्या बिशपकडून १७९० साली निरोप आला, की हा विधी ख्रिस्ती माणसाला चालणार नाही.

जिनसान गावी युन जी-चुंग नावाचा एक सुशिक्षित गृहस्थ होता. १७९१ साली त्याची आई वारली. त्याने शोक पाळला, आईला रीतसर मूठमाती दिली. पण पाटीपुढे पान वाढले नाही. घरातल्या पाट्या त्याने जाळून टाकल्या. त्याचा नातलग क्वोन सांग-योन यानेही तेच केले. बोभाटा झाला, आणि त्याच साली ८ डिसेंबरला जोन्जू शहरात दोघांचा शिरच्छेद झाला. गावकऱ्यांना वाटले, पोराने आईला उपाशी ठेवले. त्याला वाटले, लाकडापुढे अन्न ठेवणे हा देवाशी खोटेपणा. पुढे १८३९ साली जोंग हा-सांग या दुसऱ्या गृहस्थाने सरकारला लिहिलेल्या अर्जात हीच बाजू मांडली. मुलगा कितीही मातृभक्त असो, आई झोपलेली असताना तो तिच्यापुढे जेवण ठेवीत नाही. मग मरणाच्या झोपेत कसे ठेवावे? त्यालाही देहदंड झाला. दोन्ही बाजूंना आईच प्यारी होती, श्रोतेहो, आणि म्हणूनच हा तंटा मिटेना.

१८०१, १८३९, १८४६ आणि १८६६ साली छळाच्या मोठ्या लाटा आल्या आणि हजारो माणसे गेली. जी वाचली ती घरदार, शेत, वाडवडिलांचे नाव टाकून डोंगरात पळाली. तिथे पोटाला काय करणार? कोणी तंबाखू लावली. पुष्कळांनी ओंगी घडवायला घेतली. पंडितांच्या घरातली, मातीला हात न लावलेली माणसे चाकावर बसली. यात शहाणपण होते बघा. डोंगरात माती आणि सरपण फुकट. भट्टीच्या धुराचा कोणाला संशय येत नाही. कुंभाराचा धंदा हलका मानलेला, म्हणून त्याची चौकशी कोणी करीत नाही. आणि पाठीवर रांजण घेऊन गावोगाव फिरणाऱ्या माणसाला कुठल्याही दारात उभे राहता येते. तो रांजण विकी आणि जाताजाता दुसऱ्या गावच्या सोबत्यांचा निरोपही देई.

जेचोनजवळचे बेरोन हे असेच कुंभारांचे गाव. होडीच्या तळासारखी खोल दरी, दोन्ही अंगांना गर्द झाडी. १८०१ साली ह्वांग सा-योंग हा तरुण पंडित इथे एका भुयारात लपला होता. तिथे त्याने एका रेशमी कापडावर मुंगीएवढ्या अक्षरांत पेकिंगच्या बिशपला पत्र लिहिले. अक्षरे तेरा हजारांहून अधिक. पत्रात छळाची सारी हकीकत आहे. पण एक विनंतीही आहे, की पश्चिमेकडून लढाऊ जहाजे आणि सैन्य पाठवून सरकारवर दाब आणावा. पत्र वाटेतच पकडले गेले आणि ह्वांगला फार क्रूरपणे मारले. छळ सोसणाऱ्याच्या दुःखाविषयी शंका नाही. पण परक्याची फौज बोलावणे योग्य होते का, यावर कोरियात आजही वाद होतो, आणि तो व्हावा हेच बरे. ते रेशमी पत्र १८९४ साली जुन्या दप्तरात सापडले आणि १९२५ साली रोमला गेले.

याच बेरोनला चोए यांग-ओप यांची समाधी आहे. कोरियन धर्मगुरूंपैकी हे दुसरे. १८३९ च्या छळात त्यांचे आईबाप दोघेही गेले. १८४९ साली ते शांघायला धर्मगुरू झाले, परत आले आणि बारा वर्षे डोंगरातल्या कुंभारवाड्या पायी तुडवीत राहिले. १८६१ साली श्रमाने आणि तापाने त्यांना वाटेतच मरण आले. तलवारीने मेलेल्यांना लोक रक्ताचे हुतात्मे म्हणतात. यांना घामाचा हुतात्मा म्हणतात.

१८८६ साली फ्रान्सशी तह झाल्यावर छळ हळूहळू थांबला. आणि १९३९ साली रोमने पूर्वजांपुढे आदराने पान मांडायला मोकळीक दिली. ज्या ताटापायी युन जी-चुंगचा शिरच्छेद झाला, ते ताट दीडशे वर्षांनी त्याच्या धर्मातही बसले. पुढे १९६९ साली कोरियाचे पहिले कार्डिनल झालेले किम सू-ह्वान हे अशाच एका रांजणविक्याचे पुत्र. त्यांनी स्वतःला टोपणनाव घेतले, ते ‘ओंगी’.

आता शेवटची गोष्ट. युन जी-चुंगची कबर कुठे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. २०२१ साली जोन्जूजवळ वान्जू इथे काही जुन्या कबरी उघडल्या. त्यांतल्या एकीत पांढऱ्या चिनीमातीचा एक वाडगा निघाला आणि त्यावर शाईने नाव लिहिले होते, युन जी-चुंग. त्याच्या माणसांना दगडी शिळा उभारण्याची सोय नव्हती. म्हणून घरातला वाडगा घेतला, त्यावर नाव लिहिले आणि त्याच्याबरोबर पुरला. तो वाडगा दोनशेतीस वर्षे मातीत नीट राहिला.

बेरोनला आम्ही गेलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. गुरुजी बराच वेळ समाधीपाशी उभे राहिले. अण्णा उतारावरच्या मातीची चिमूट बोटांत चोळून बघत होते. मी विचारले, “अण्णा, कशी आहे?” ते म्हणाले, “माती चांगली आहे. पण ज्यांनी आयुष्यात कधी चाक धरलं नव्हतं, त्यांनी पहिला रांजण उभा केला असेल, तेव्हा तो किती वेळा बसला असेल, तेच मी बघतोय.”

शिक्षक मित्रांनो, उद्या वर्गात मुलांना सांगा : घरातला सगळ्यात जुना रांजण किंवा बरणी शोधा, आणि ती कोणी घडवली, कोणी आणली, ते आजीला विचारा.